मूत्रपिंडातली चंद्रकोर

किडनी म्हणजे वर्षानुवर्षं हळूहळू झिजणारा अवयव, असा सर्वसाधारण समज आहे. मधुमेहात, रक्तदाबात बहुधा तसंच घडतं. पण अँटी-जीबीएम (जीबीएम म्हणजे किडनीच्या गाळण्यांतला पातळ पडदा) या आजारात धडधाकट माणसाच्या दोन्ही किडन्या काही आठवड्यांत, कधी काही दिवसांत बंद पडतात. हा आजार फार विरळा. तरी शरीर स्वतःवर कसं उलटतं, हे इतकं लख्ख दाखवणारा दुसरा आजार मला माहीत नाही.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे कपासारख्या आवरणात बसवलेला केशवाहिन्यांचा गुंता. या वाहिन्यांच्या भिंतीतला पडदा मिलिमीटरच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतका पातळ, आणि तो विणलेला असतो कोलॅजेन-४ या प्रथिनाने. याच्या तीन साखळ्यांचा एक गोफ. त्याचं टोक दुसऱ्या गोफाच्या टोकाशी घट्ट सांधलेलं. अल्फा-३ नावाच्या साखळीच्या टोकाचा एक भाग या सांध्यात दडलेला असतो. सांधा उकलला की तो उघडा पडतो, आणि नेमक्या त्याच भागावर शरीराची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) जाऊन चिकटतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, पडदा फाटतो, रक्त गोठवणारं फायब्रिन कपात सांडतं. त्याला उत्तर म्हणून कपाच्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात आणि गुंत्याला एका बाजूने दाबून टाकतात. बायॉप्सीत हा थर हुबेहूब चंद्रकोरीसारखा दिसतो.

फुप्फुसांतही हाच पडदा असल्याने काहींना खोकल्यातून रक्त पडतं, धूम्रपान करणाऱ्यांना तर जास्तच. १९१९ मध्ये अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी असा रुग्ण नोंदवला होता.

उपचार तीन आघाड्यांवर एकदमच सुरू होतात. प्लाझ्मा एक्सचेंजने रक्तातली प्रतिपिंडं काढून टाकायची, सायक्लोफॉस्फमाइडने ती बनवणाऱ्या पेशींना रोखायचं, स्टेरॉइडने दाह शमवायचा. नुसती प्रतिपिंडं काढली तर ती पुन्हा तयार होतात. ‘किडनी साफ करणारे’ काढे इथे काहीच करू शकत नाहीत. गाळणी तुंबलेली नाही, फाटलेली आहे! त्यांच्या नादात गेलेला एकेक दिवस गाळण्या कायमच्या घेऊन जातो. लघवी चहासारखी गडद झाली, कमी झाली, पाय सुजले, तर त्याच दिवशी लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची (किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या घटकाची) तपासणी करून घ्या.

डायलिसिसवर गेलेल्यांना पुढे प्रत्यारोपण करता येतं, पण प्रतिपिंडं रक्तातून नाहीशी होऊन निदान सहा महिने लोटावे लागतात. नव्या किडनीतही तीच अल्फा-३ साखळी असते.