चेखवचा चंद्र आणि फुटकी बाटली
‘चंद्र चमकतोय असं सांगू नका, फुटक्या काचेवरची चमक दाखवा.’ रशियन लेखक चेखवच्या नावावर फिरणारं हे वाक्य जसंच्या तसं त्याचं नाही. त्यावरून ‘वर्णनाला कात्री लावा’ म्हणणं तर साफ चूक. मे १८८६ मध्ये भाऊ अलेक्झांडरला त्याने लिहिलं ते उलट वर्णन कसं करावं याबद्दल: बारीक तपशील असे जुळव, की डोळे मिटल्यावर चित्र दिसावं. पाणचक्कीच्या बांधावर फुटक्या बाटलीची काच ताऱ्यासारखी लकाकली, कुत्र्याची की लांडग्याची काळी सावली चेंडूसारखी घरंगळत गेली, की झाली चांदणी रात्र! तपशील दोनच, पण ते लागतातच.

गंमत म्हणजे १८९६ च्या त्याच्याच ‘द सीगल’ नाटकात ही बाटली पुन्हा भेटते. तिथला तरुण लेखक चरफडतो: त्या नावाजलेल्या लेखकाचं, त्रिगोरिनचं बरंय, बाटलीचं तोंड नि पाणचक्कीच्या चाकाची सावली, रात्र तयार, मी मात्र थरथरता प्रकाश, लुकलुकते तारे, दूरचा पियानो लिहीत बसलोय.