थोडक्यात म्हणजे सोपं नव्हे: साधेपणाची पार्श्वभूमी

संस्कृत व्याकरणकारांबद्दल एक जुनं वचन आहे: सूत्रात अर्धी मात्रा वाचली, तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो. थट्टा खरी, पण अगदीच निराधार नाही. पाणिनीने जवळपास ४००० सूत्रांत अख्ख्या भाषेची घडण बसवली. ‘अष्टाध्यायी’चं शेवटचं सूत्र आहे ‘अ अ’. संपलं. अर्थ असा की, ग्रंथभर शास्त्राच्या सोयीसाठी विवृत (मोकळ्या तोंडाने उच्चारलेला) मानलेला ‘अ’ प्रत्यक्ष बोलण्यात संवृत (तोंड आवळून उच्चारलेला) असतो. त्या दोन अक्षरांवरून एवढं ओळखून दाखवावं कुणी! ही काटकसर मुखोद्गत करणाऱ्यांसाठी होती. उलगडून सांगायचं काम गुरूचं आणि भाष्यकाराचं. साधेपणाची चर्चा निघाली की ‘थोडक्यात’ आणि ‘सोपं’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून सुरुवात इथून.

दुसरी धारा काव्यशास्त्राची. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीन गुण मानले: माधुर्य, ओज आणि प्रसाद. पहिल्या दोघांच्या जागा ठरलेल्या. माधुर्य शृंगाराला शोभतं, ओज वीराला. प्रसाद मात्र सगळीकडे हवा. सुक्या लाकडात आग पसरावी किंवा स्वच्छ पाणी झिरपावं, तसा अर्थ मनात क्षणात पसरतो, तो प्रसाद. यात शब्द किती वापरले याचा हिशेबच नाही. मोजमाप आहे ते वाचणाऱ्याच्या मनात काय घडलं याचं. मला ही व्याख्या नंतरच्या बहुतेक व्याख्यांपेक्षा उजवी वाटते.

युरोपात १६५६ मध्ये फ्रेंच विचारवंत पास्कलने आपल्या एका पत्रात लिहिलं की, पत्र लांबलं, कारण ते आखूड करायला सवड मिळाली नाही. पुढे हे वाक्य अनेकांच्या नावावर खपवलं गेलं. पुढच्याच दशकात लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचा इतिहास लिहिताना थॉमस स्प्रॅटने सांगितलं की, सभासदांना पंडितांपेक्षा कारागीर, गावकरी आणि व्यापारी यांची भाषा पसंत आहे. गंमत अशी, की अलंकारांवर तुटून पडणारा त्याचा तो उतारा स्वतःच चांगला नटलेला आहे.

विसाव्या शतकातलं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र लेखनातलं नाही, नकाशातलं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेचे आधीचे नकाशे भूगोलाशी प्रामाणिक होते. त्यामुळे मध्यभागी स्टेशनांची खेचाखेच आणि कडेला लांबच लांब रेघा. १९३१ मध्ये हॅरी बेक या आरेखकाने सगळे मार्ग आडवे, उभे किंवा ४५ अंशांत तिरपे केले आणि स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर मांडली. जमिनीवरचं जवळजवळ सगळं पुसलं. ठेवली फक्त थेम्स नदी, तीही कोनाकोनांत वळवून. त्याचा हिशेब सरळ होता: भुयारातून जाणाऱ्याला वर काय आहे याच्याशी कर्तव्य नाही, गाडी कुठे बदलायची तेवढं कळलं की झालं. प्रसिद्धी विभागाने आधी तो नाकारला. १९३३ मध्ये छापला, तेव्हा लोकांनी उचलून धरला. या सोपेपणाची किंमतही आहेच. कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर ही स्टेशनं ३०० मीटरांच्या आत आहेत, पण नकाशा पाहून ते कळत नाही.

वास्तुकलेत याच सुमारास ‘कमी तेच जास्त’ हे वास्तुकार मीस व्हान डेर रोचं ब्रीद झालं. शब्द मुळात इंग्रज कवी ब्राउनिंगच्या १८५५ मधल्या कवितेतले. १९६६ मध्ये अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंच्युरीने ‘कमी ते कंटाळवाणं’ असा टोला हाणला, आणि इमारतींच्या नावाने उभे राहिलेले काचेचे एकसारखे डबे पाहिलेल्या कुणालाही तो पटावा.

सरकारी भाषेकडे लक्ष जायला बराच वेळ लागला. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून अर्नेस्ट गोवर्स यांनी कारकुनी इंग्रजी सुधारण्यासाठी लिहिलेली पुस्तिका १९४८ मध्ये आली. अमेरिकेत सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं, असा कायदा व्हायला २०१० उजाडलं. २०२३ मध्ये सुबोध भाषेचं आंतरराष्ट्रीय मानकही आलं. त्याची तत्त्वं चार आहेत: वाचणाऱ्याला हवं ते मिळावं, ते सहज सापडावं, समजावं आणि वापरता यावं.