रोमचे भग्नावशेष: चित्रात दिसतात तसेच होते का?

'अठराव्या शतकात रोम कसं दिसायचं, हे त्या काळच्या चित्रांत हुबेहूब पाहा' अशा ओळीसह काही सुंदर चित्रं वर्षानुवर्षं फिरत असतात. कोलोसियम, पँथिऑन हे प्राचीन मंदिर, सम्राट ट्राजनचा स्तंभ, सगळं एकाच चौकात. चित्रं अस्सल आहेत, जागा मात्र कल्पित.

नकाशा उघडा. पँथिऑन आणि कोलोसियम यांत सरळ रेषेत एक किलोमीटरहून जास्त अंतर आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा तर 1538 पासून कॅपिटोलिन टेकडीवर होता. चित्रात तो भलत्याच अवशेषांशेजारी दिसला, की मांडणी चित्रकाराची.

पँथिऑनकडे जरा नीट पाहावं. सातव्या शतकापासून ते वापरातलं चर्च आहे, ओसाड अवशेष नव्हे. शिवाय सतराव्या शतकात त्यावर दोन घंटामनोरे चढले, ते 1883 मध्ये उतरवले. म्हणजे अठराव्या शतकातल्या चित्रात मनोरे नसतील, तर समोरचं जसंच्या तसं रंगवलेलं नाही.

यात फसवणूक नव्हती. अशा कल्पित दृश्यांना 'काप्रिच्चो' म्हणत आणि इटलीच्या सफरीवर आलेले श्रीमंत तरुण ती आठवण म्हणून आवडीने विकत घेत. प्रत्यक्ष जागेची चित्रंही तेव्हा निघत, अनेकदा त्याच चित्रकारांच्या हातून. त्यामुळे गल्लत होणं साहजिकच. संग्रहालयाच्या नोंदीत बहुधा प्रकार दिलेला असतो, तो आधी वाचावा.