गाडी

गाडी (स्त्रीलिंगी नाम) म्हणजे माणसे किंवा माल वाहून नेणारे, चाकांवर चालणारे साधन. ‘वाहन’ हा संस्कृत शब्द याहून पुष्कळ व्यापक आहे. कायद्यातली मोटार हे जसे वाहन, तसाच गणपतीचा उंदीरही वाहनच. पण त्याला कोणी गाडी म्हणत नाही. होडी माणसे नेते, तरी तीही गाडी नव्हे. चाक ही या शब्दाची पहिली अट आहे.

प्राकृतातील ‘गड्डी’शी या शब्दाचे नाते जोडले जाते. अवजड तो गाडा आणि हलकी ती गाडी हा लिंगभेदाने होणारा फरक मराठीच्या स्वभावाला धरूनच आहे. संसाराचा म्हणून गाडाच असतो. ओढणाऱ्या शक्तीवरून बैलगाडी, घोडागाडी, हातगाडी असे समास झाले आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा त्याच साच्यात ‘आगगाडी’ हा शब्द सहज बसला. बैलाच्या जागी आग आली, एवढेच. परभाषेतून आलेली वस्तू आपल्या शब्दांत सामावून घेण्याचे इतके सुबक उदाहरण क्वचित सापडते.

मुंबईत विशेषण न लावता ‘गाडी’ म्हटले की बहुधा लोकल समजली जाते. ‘नऊ पाचची गाडी’, ‘शेवटची गाडी’, ‘गाडी भरून आली’ या बोलण्यात रेल्वे हा शब्द लागतच नाही. घरापुढे उभी असलेली मोटार किंवा मोटारसायकल हीदेखील तिच्या मालकाची गाडीच. कोणती, ते प्रसंगावरून कळते. वडापावची गाडी तर वर्षानुवर्षे एकाच नाक्यावर उभी असते, तरी तळाशी चाके आहेत म्हणून ती गाडी. चाके नसती तर तिला टपरी म्हटले असते.

‘लागणे’ या क्रियापदाबरोबर या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एसटी स्थानकात ‘पुण्याची गाडी लागली’ म्हणजे ती सुटण्याच्या जागी येऊन उभी राहिली. ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळते.