शिंपल्यांसाठी नदीच्या तळाला कान

नदीत शिंपले नेमके कुठे वस्ती करून आहेत, हे अमेरिकेत कसून शोधलं ते बटणवाल्यांनी. १८९१ मध्ये जॉन बेपल या जर्मन कारागिराने आयोवातल्या मस्कटीनमध्ये मिसिसिपीच्या शिंपल्यांतून बटणं कापायला सुरुवात केली. १९०५ साली त्या एका गावाने दीड अब्ज बटणं काढली. शोधायची तऱ्हा अशी: दांड्याला दोऱ्यांनी आकडे बांधायचे आणि होडीमागून तळावर ओढत न्यायचे. तोंड उघडून बसलेल्या शिंपल्याला आकडा लागला की तो चटकन मिटतो आणि आकडा काही सोडत नाही. दांडा वर यायचा तो लगडलेला.

पुढे प्लॅस्टिकने हा धंदा बुडवला, पण धरणं आणि गाळ यांनी शिंपल्यांची पाठ सोडली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने शिंपल्यांच्या ८ जाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या. शिंपल्याची अळी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढते आणि मग तळाशी उतरते. पुरात जागचा हलणारा तळ तिच्या कामाचा नाही. म्हणून तळ कसा आहे हे कळायला हवं. आणि गढूळ पाण्यात पाणबुड्याला ते हाताने चाचपडूनच कळायचं.

इथे कामी आला साइड-स्कॅन सोनार: दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढणारं यंत्र. तो मुळात समुद्रातले सुरुंग शोधण्यासाठी बनला. (हा सोनार कान टोचत नाही, कान देतो.) मार्टिन क्लाइन यांनी १९६० च्या दशकात त्याला बाजारात आणलं, पण होडीमागे ओढायचं ते महागडं यंत्र उथळ नदीत खडकांवर आपटणार. वाट मोकळी केली ती मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या फिशफाइंडरने, म्हणजे पाण्यातले मासे दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने: २००५ च्या सुमारास हमिनबर्ड कंपनीने त्यात दोन्ही बाजूंचं चित्र दाखवायची सोय दिली. जॉर्जियात अॅडम केसर आणि थॉम लिट्स या संशोधकांनी त्याचा संवेदक होडीच्या नाकाशी लावला, म्हणजे मागे इंजिनाच्या पंख्याने उठणाऱ्या फेसाचा त्रास नको. नदी भरून वाहत असताना पडद्याची चित्रं जीपीएससह टिपत गेले आणि नंतर ती जोडून नकाशा केला. २०१० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली.

चित्रात खडक आणि गोटे उजळ दिसतात, गाळ काळपट. वाळूवर लाटांच्या रेघा, पडलेल्या ओंडक्यामागे लांब सावली. शिंपला मात्र अर्धा रुतलेला, गोट्यांत गोटा. त्याची जात ओळखायला अजूनही बुडी मारून तो हातात घ्यावा लागतो.