मुलांच्या डोळ्यांपर्यंत पैसा उशिरा का पोचला?

गोव्यात दानधर्माची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत सांता काझा द मिझेरिकॉर्द ही धर्मादाय संस्था होती, पुढे प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदतसंस्था आली. आजची गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, ज्या वैद्यकीय शाळेतून उभी राहिली, ती तर १८४२ सालची. पण या सगळ्या मदतीचा ओघ निराधारांकडे होता. दृष्टी गेलेल्याला आसरा मिळायचा. मुलाची दृष्टी जाऊच नये म्हणून आधी खर्च करायचा, हा विचार बाहेरून आणि बराच उशिरा आला.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा देशात नेत्रसेवा म्हणजे मुख्यतः शिबिरं. शेजारच्या कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदींनी गावोगावी शिबिरं भरवून हजारोंचे मोतीबिंदू काढले. तंबू, रांगेने खाटा आणि गावच्या दात्यांनी उचललेला जेवणाचा खर्च, असं त्याचं स्वरूप. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण कामाचं माप तेच राहिलं : वर्षाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया किती? १९९४ ते २००२ दरम्यान जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता, गोवा नव्हता. १९९० मध्ये लायन्स क्लबच्या संघटनेने सुरू केलेल्या ‘साइटफर्स्ट’ या अंधत्वविरोधी उपक्रमाचा मोठा पैसाही मोतीबिंदूवरच गेला. त्यात गैर काहीच नव्हतं. लाखो वृद्धांना त्यातून पुन्हा दिसू लागलं.

मूल मात्र या मापात बसत नाही. वृद्धाच्या डोळ्यात लेन्स बसवली की शस्त्रक्रियेचा आकडा एकाने वाढतो आणि खर्चाचा हिशेब मिटतो. जन्मजात मोतीबिंदूच्या बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी लहान मुलांची भूल जाणणारा तज्ज्ञ हवा, आणि शस्त्रक्रियाही पहिल्या काही महिन्यांतच व्हायला हवी. खरं काम त्यानंतर सुरू होतं. वाढत्या डोळ्याबरोबर चष्म्याचा नंबर बदलत राहतो. एकच डोळा अधू असेल, तर त्याला काम लागावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावावी लागते. मूल ती ओढून काढतं, रडतं, आई पुन्हा लावते, आणि हे काही वर्षं चालतं. साधारण सात-आठ वर्षांच्या आत डोळ्याला बघायची सवय लागली नाही, तर पुढे उपचाराचा उपयोग फार कमी होतो. एवढी वर्षं सोबत राहणारा देणगीदार मिळणं अवघड होतं.

चित्र बदललं ते १९९९ मध्ये. जागतिक आरोग्य संघटना आणि अंधत्व प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने टाळता येणारं अंधत्व दूर करण्याचं ‘व्हिजन २०२०’ हे जागतिक अभियान जाहीर केलं आणि बालपणीचं अंधत्व अग्रक्रमाच्या यादीत घेतलं. तेव्हाच्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ लाख मुलं अंध होती. संख्येने ती वृद्धांपेक्षा कितीतरी कमी, पण प्रत्येकापुढे अख्खं आयुष्य पडलेलं. ‘अंधत्वात जाणारी वर्षं’ मोजायला लागल्यावर दात्यांना ही बाब पटली. लायन्सने जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने अनेक देशांत बालनेत्र केंद्रांना पैसा दिला, ऑर्बिस या आंतरराष्ट्रीय नेत्रसेवा संस्थेने भारतात तशी केंद्रं उभारायला मदत केली. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याच वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासू लागली.

गोव्याची गरज शेजाऱ्यांपेक्षा थोडी वेगळी आहे. अ जीवनसत्त्वाचा अभाव आणि गोवरामुळे बुबुळावर पडणारं फूल, ही देशातली जुनी कारणं. त्यांवर लसीकरणाने आणि नवव्या महिन्यापासून चमच्याने पाजल्या जाणाऱ्या अ जीवनसत्त्वाच्या डोसने बराच आळा बसला. गोव्यात बालमृत्यूचं प्रमाण देशातल्या सर्वांत कमींपैकी आहे. पण जिथे अपुऱ्या दिवसांची बाळं वाचतात, तिथे आरओपीचा (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) धोका वाढतो. या आजारात दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते. बाहेरून डोळा निरोगी दिसतो, आईला काही कळत नाही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवेत. गंभीर आजार दिसला, तर दोन-तीन दिवसांत उपचार करावे लागतात.

म्हणून इथे पैसा दोन ठिकाणी हवा. एक, नवजात कक्षात दृष्टिपटलाचे फोटो काढणारा कॅमेरा आणि तो हाताळणारं प्रशिक्षित माणूस. दुसरं, पाठपुरावा. देशभर आशाताई आल्या तेव्हा गोव्यात ती योजना राबवली गेली नाही. त्यामुळे घरोघरी जाऊन तपासणीची आठवण करून देण्याचा भार परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांवर पडला. सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या एखाद्या वाड्यावरून बाळाला घेऊन बांबोळीला गोमेकॉत यायचं, तर घरच्यांचा अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. खाणपट्ट्यात तर सामाजिक निधीची भिस्त खाणींवर होती, आणि २०१२ व २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या. पट्टीची वर्षं मात्र तशी थांबवता येत नाहीत.

शाळेत तपासणीचा फलक लावून चष्मे वाटणं सोपं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण माझ्या मते गोव्यातल्या प्रत्येक दात्याने अहवालात आणखी एक रकाना मागावा : ज्या मुलांवर उपचार झाले, त्यांपैकी किती मुलं दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही तपासणीला आली?