नट घट्ट बसला, पण कातडी दाबली गेली का?

नवजात मुलाची सुंता अमेरिकेत हजारो रुग्णालयांत केली जाते. त्यासाठी वापरला जाणारा, तिथे सर्वाधिक ओळखीचा क्लॅम्प (कातडी दाबून धरणारं उपकरण) म्हणजे गोमको. हायरम येलेन आणि ॲरन गोल्डस्टीन यांनी तो १९३५ च्या सुमारास आणला, तोच ‘रक्त न सांडणारी सुंता’ अशा दाव्यासह. उपकरण चांगलं आहे. पण ते चालतं कसं हे न कळता त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

गोमकोचे चार भाग असतात: घंटेसारखी धातूची टोपी, भोक असलेली पट्टी, तरफ आणि नट. टोपी शिश्नमुंडावर (शिश्नाच्या टोकावर) बसते, अग्रत्वचा (टोकावरची कातडी) तिच्यावरून ओढून पट्टीच्या भोकातून वर काढतात. तरफेचा टेकू मधोमध असतो. नट फिरवला की तिचं एक टोक खाली जातं, दुसरं टोपीला वर खेचतं. टोपीचा काठ आणि भोकाची कड यांच्यात कातडीचं अगदी अरुंद कडं चिरडलं जातं. तिथल्या रक्तवाहिन्या दबतात, इजा झालेल्या पेशींमधून ‘टिश्यू फॅक्टर’ हे रक्त गोठवायला लावणारं प्रथिन मोकळं होतं आणि गुठळीची साखळी सुरू होते. म्हणूनच सुमारे पाच मिनिटं थांबून मग कापायचं. घाई केली, तर गुठळी बसण्याआधीच पातं चालतं.

सगळा खेळ त्या कड्याचा. टोपी आणि पट्टी वेगवेगळ्या मापांत येतात, आणि एका मापात व पुढच्या मापात काही ठिकाणी दीड मिलिमीटरच फरक असतो. निर्जंतुकीकरणानंतर दोन संचांचे किंवा दोन कंपन्यांचे भाग एकत्र आले, किंवा तरफ झिजून वाकली, तर नट हाताला घट्ट लागतो, पण कड्यावर पुरेसा दाब नसतो. मग टोपी निसटते, रक्तस्राव होतो, जखम फाटते.

सुंतेसाठीच्या दुसऱ्या एका, मोगेन क्लॅम्पचा धोका वेगळा. त्यात मुंडाला झाकणारी टोपीच नसते, संरक्षण केवळ अरुंद फटीचं. ती ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडली, तर मुंडाचा भागही आत येऊ शकतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २००० मध्ये या दोन्हींबाबत इशारा दिला. जुलै १९९६ ते जानेवारी २००० या काळात १०५ इजांच्या नोंदी तिथे आल्या होत्या.

आणि धातूच्या क्लॅम्पला विजेची कॉटरी (रक्त थांबवायला ऊती भाजणारं साधन) कधीही लावू नये. प्रवाह सगळ्या कड्यातून आत शिरतो आणि बाळाच्या शिश्नाच्या अरुंद भागात एकवटतो. तिथल्या रक्तवाहिन्या आतूनच भाजून बंद होतात.